शिरेवाटे पोषण आणि माशाचे तेल

काही वर्षांपूर्वी सत्तरीतील एक गृहस्थ माझ्या देखरेखीखाली होते. आतडे अडकल्यामुळे त्याचा काही भाग काढावा लागला होता. सहाव्या दिवशी आतड्याचा जोड गळू लागला आणि पोटाच्या जखमेतून पित्तमिश्रित स्राव बाहेर येऊ लागला. तोंडाने जे द्यावे ते जखमेवाटे बाहेर यावे, अशी स्थिती. तेव्हा मानेजवळील मोठ्या शिरेत नळी घालून संपूर्ण पोषण शिरेवाटे सुरू केले. चौथ्या का पाचव्या रात्री सोबतीला बसलेल्या त्यांच्या मुलाने दुधासारख्या पांढऱ्या द्रवाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली. सकाळी मी फेरीला गेलो तेव्हा तो दाराशीच उभा होता. "डॉक्टरसाहेब, यात माशाचे तेल आहे असे लिहिले आहे. बाबा माळकरी आहेत. चाळीस वर्षे त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे."

माझ्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. रुग्णाच्या आप्तांकडून शस्त्रक्रियेची, भुलीची, रक्त देण्याची संमती आम्ही रीतसर घेतली होती. त्या पांढऱ्या बाटलीत काय आहे हे मात्र कोणी सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर मीही त्या दिवसापूर्वी त्या दृष्टीने विचार केला नव्हता. वडोदऱ्यासारख्या शहरात, जिथे आपल्या रुग्णांत जैन आणि वैष्णव कुटुंबे मोठ्या संख्येने असतात, हा प्रश्न आधी कसा सुचला नाही याचे आता नवल वाटते. त्या मुलाच्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले होते. माशाचे तेल शिरेतून द्यायचे तरी कशासाठी? आणि ते इतके आवश्यक आहे काय, की एखाद्याच्या आयुष्यभराच्या व्रतापुढे त्याचे पारडे जड व्हावे? मंडळाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने या दोन्ही प्रश्नांची उत्तरे, वैद्यकव्यवसायातील बंधुभगिनींना आणि इतर वाचकांनाही समजतील अशी, मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

शस्त्रक्रिया आणि उपासमार यांचे नाते जुने आहे. १९३६ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील स्टडली या शल्यविशारदाने पेप्टिक व्रणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी २० टक्क्यांहून अधिक घटले होते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३३ टक्के होते, तर इतरांत ते अवघे ३.५ टक्के होते. शल्यविशारद तोच, शस्त्रक्रिया तीच. फरक रुग्णाच्या अंगावर किती मांस उरले होते एवढाच. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीर स्वतःचेच स्नायू वितळवून ऊर्जा आणि प्रथिने मिळवू लागते. त्यात आतडे चालेनासे झाले तर आठवड्या-दोन आठवड्यांत रुग्ण डोळ्यांदेखत खंगतो, जखम भरत नाही, जंतुसंसर्ग शिरकाव करतो.

अन्न शिरेतून देण्याची कल्पना तीन शतकांहून जुनी आहे. १६५६च्या सुमारास ख्रिस्तोफर रेन यांनी ऑक्सफर्डमध्ये कुत्र्याच्या शिरेत मद्य सोडून पाहिले होते. परंतु खऱ्या अर्थाने ती सिद्धीस नेली स्टॅन्ली डड्रिक यांनी, फिलाडेल्फियात, १९६०च्या दशकात. केवळ शिरेवाटे मिळणाऱ्या पोषणावर त्यांनी बीगल जातीची पिल्ले वाढवून दाखवली आणि मग जन्मतःच आतडे जवळजवळ नसलेल्या एका बालिकेवर तो उपाय योजला. त्यांची युक्ती अशी की तीव्र ग्लुकोजचे द्रावण हाताच्या बारीक शिरेत न देता हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत द्यायचे. तेथे रक्ताचा ओघ एवढा मोठा असतो की द्रावण क्षणात विरळ होते आणि शिरेला इजा होत नाही.

अडचण राहिली ती स्निग्ध पदार्थांची. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. नुसते तेल शिरेत गेले तर त्याचे थेंब फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजवतील आणि रुग्ण दगावेल. म्हणून तेलाचे कण मायक्रॉनच्याही अंशाएवढे बारीक करून ते पाण्यात तरंगत ठेवावे लागतात. दूध हे निसर्गाने केलेले असेच इमल्शन होय. अमेरिकेत सरकीच्या तेलाचे इमल्शन काही काळ वापरात होते, पण त्याने ताप, कावीळ, रक्तस्राव असे उपद्रव होऊ लागल्याने १९६०च्या दशकात ते मागे घ्यावे लागले. याच सुमारास स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल निवडले आणि त्याच्या कणांभोवती अंड्याच्या पिवळ्या बलकातील फॉस्फोलिपिडचे कवच चढवले. हेच ते ‘इंट्रालिपिड’. जेवणानंतर आपले आतडे स्निग्धांशाचे जे सूक्ष्म कण रक्तात सोडते त्यांच्याशी या कणांचे इतके साम्य होते की शरीराने त्यांना परके मानले नाही. अंड्याच्या बलकाचा हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

स्निग्ध पदार्थाचा लाभ दुहेरी. शिरेतून दिलेल्या एक ग्रॅम ग्लुकोजपासून ३.४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धापासून ९. त्यामुळे २० टक्के इमल्शनच्या प्रत्येक मिलिलिटरमागे २ किलोकॅलरी मिळतात, त्याही शिरेला न डाचता, कारण हा द्रव रक्ताशी जवळजवळ समतीव्र असतो. दुसरा लाभ असा की शरीराला स्वतः तयार न करता येणारी काही स्निग्धाम्ले, विशेषतः लिनोलेइक आम्ल, बाहेरूनच मिळावी लागतात. स्निग्धरहित पोषणावर काही आठवडे राहिलेल्या रुग्णाच्या त्वचेला खवले धरतात, जखमा भरेनाशा होतात. बर पति-पत्नींनी उंदरांवर हे १९२९ सालीच दाखवले होते.

सोयाबीनचे काय चुकले?

चुकले असे नाही; जास्त झाले. सोयाबीनच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. हे ओमेगा-६ कुळातील स्निग्धाम्ल. त्यापासून शरीरात ॲराकिडोनिक आम्ल बनते आणि प्रत्येक पेशीच्या पटलात ते जाऊन बसते. शस्त्रक्रियेचा घाव बसला, जंतूंनी हल्ला केला, की पेशी या साठ्यातून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन नावाची द्रव्ये तयार करतात. ताप, सूज, वेदना, पांढऱ्या पेशींची धावपळ ही बव्हंशी त्यांचीच करणी. या द्रव्यांवरील संशोधनासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना १९८२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून त्यांचे महत्त्व ध्यानी यावे. दाह हा शत्रू नव्हे. त्याच्यावाचून जखम भरत नाही. पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हाच दाह कधी कधी आवरेनासा होतो, आणि त्याच्या पाठोपाठ प्रतिकारशक्ती लुळी पडण्याचा काळ येतो. अशा रुग्णाला दररोज अर्धा लिटर सोयाबीन इमल्शन देणे म्हणजे आगीशेजारी सरपण रचून ठेवण्यासारखे तर नाही, ही शंका संशोधकांना येऊ लागली.

उत्तर समुद्रात होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी बँग आणि डायरबर्ग हे डॅनिश संशोधक ग्रीनलंडमधील इनुइट लोकांच्या रक्ताचा अभ्यास करीत होते. सील आणि मासे हेच मुख्य अन्न असलेल्या या लोकांच्या रक्तात ओमेगा-३ कुळातील ईपीए हे स्निग्धाम्ल विपुल आढळले आणि त्यांच्या प्लेटलेट चटकन एकमेकींना चिकटत नाहीत असेही दिसले. इनुइटांना हृदयविकार होतच नाही, हे त्या काळी रूढ झालेले मत पुढे वादग्रस्त ठरले. पण स्निग्धाम्लांचे रसायन मात्र पक्के राहिले. ईपीए आणि डीएचए ही दोन आम्ले पेशीपटलात ॲराकिडोनिक आम्लाची जागा घेतात आणि त्याच विकरांच्या कारखान्यातून वेगळा, सौम्य माल बाहेर पडतो. एवढेच नव्हे, तर २००० सालानंतर बॉस्टनच्या चार्ल्स सेऱ्हान यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की याच आम्लांपासून रिझॉल्विन नावाची द्रव्ये तयार होतात आणि ती दाहाची सांगता घडवून आणतात. दाह आपोआप विझत नाही, तो विझवावा लागतो, ही समजूतच नवी होती.

गंमत अशी की मासा ही आम्ले मुळात स्वतः निर्माण करीत नाही. समुद्रातील सूक्ष्म शैवाल ती तयार करते, लहान जीव ते खातात, त्यांना मासे खातात. आपल्या कायस्थ आणि सारस्वत घरांतून आवडीने खाल्ले जाणारे बांगडे आणि तारल्या ओमेगा-३ने समृद्ध असतात ते यामुळेच. मात्र मासे किंवा कॅप्सूल तोंडाने घेतल्यास पेशीपटलातील बदल पुरता घडून यायला आठवडे लागतात. शिरेवाटे दिलेले तेल एक ते तीन दिवसांत पांढऱ्या पेशींच्या पटलात दिसू लागते. ज्याची शस्त्रक्रिया उद्यावर आली आहे किंवा काल झाली आहे, त्याच्यासाठी हा फरक मोलाचा आहे.

माशाच्या तेलाचे १० टक्के इमल्शन, ‘ओमेगाव्हेन’, युरोपात १९९८ साली आले. प्रौढांना ते एकटे देत नाहीत, दुसऱ्या इमल्शनच्या जोडीला देतात, कारण त्यात लिनोलेइक आम्ल फारच थोडे असते. पुढे मिश्र तेलांची इमल्शने आली. आज भारतातही परिचित असलेल्या ‘स्मॉफलिपिड’मध्ये ३० टक्के सोयाबीन, ३० टक्के मध्यम साखळीचे स्निग्ध, २५ टक्के ऑलिव्ह आणि १५ टक्के माशाचे तेल असते. सोयाबीनमध्ये ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे प्रमाण ७ला १ असते. या मिश्रणात ते अडीचला १ इतके उतरते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०१६ साली, म्हणजे युरोपच्या बऱ्याच नंतर, मान्यता दिली.

पुरावा काय सांगतो?

येथे मला थोडे सावध लिहावे लागेल. २००६ साली हेलर आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतील ८२ रुग्णालयांतील ६६१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि रोज प्रत्येक किलो वजनामागे ०.१ ते ०.२ ग्रॅम माशाचे तेल दिल्यास निष्पत्ती सुधारते असे म्हटले. आजही हीच मात्रा प्रचलित आहे. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. त्याच वर्षी २४९ शल्यरुग्णांवरील दुहेरी अंध चाचणीत मिश्र तेलाच्या गटाचा रुग्णालयातील मुक्काम सरासरी १५.७ दिवस, तर सोयाबीन गटाचा १७.८ दिवस भरला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक उतरला नाही. पुढच्याच वर्षी २५६ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत १७.२ विरुद्ध २१.९ दिवस असा फरक आला आणि तो कसोटीवर टिकला. २००८ साली अतिदक्षता विभागातील औषधोपचाराच्या रुग्णांवर, म्हणजे ज्यांची शस्त्रक्रिया झालेली नव्हती अशांवर, केलेल्या चाचणीत काहीच लाभ दिसला नाही.

२०२० साली प्राडेली आणि सहकाऱ्यांनी अशा ४९ चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. माशाचे तेल मिळालेल्या गटात जंतुसंसर्गाचा धोका ४० टक्क्यांनी कमी होता आणि रुग्णालयातील मुक्काम सुमारे दोन दिवसांनी घटला होता. मृत्यूच्या प्रमाणातील घट मात्र निर्णायक नव्हती. आकडे उत्साहवर्धक आहेत, पण यातील अनेक चाचण्या लहान आहेत, या क्षेत्रातील संशोधनाला उत्पादकांचे अर्थसाहाय्य मोठ्या प्रमाणावर लाभलेले आहे, आणि अनेक ठिकाणी तुलना केवळ सोयाबीनशी आहे. जिंकले ते माशाचे तेल, की हरले ते जादा सोयाबीन, हे अशा तुलनेतून कळत नाही.

तज्ज्ञसंस्थांचेही एकमत नाही. शस्त्रक्रियेसंबंधीची युरोपीय मार्गदर्शिका सांगते की ज्यांना आतड्यावाटे पुरेसे पोषण देता येत नाही, आणि म्हणूनच शिरेवाटे द्यावे लागते, अशाच रुग्णांत ओमेगा-३युक्त इमल्शनचा विचार करावा. अमेरिकी संस्थेने अतिदक्षता रुग्णांसाठी २०२२ साली दिलेल्या शिफारशीत सोयाबीन चालेल, मिश्र तेलही चालेल, अशी भूमिका घेतली. माझे स्वतःचे मत युरोपीय बाजूकडे झुकते, पण झुकते एवढेच.

मतभेद नाहीत ते एका मुद्द्यावर: आतडे चालत असेल तर ते वापरावे. १९९१ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३९५ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी शिरेवाटे पोषण देऊन पाहिले गेले. अतिकुपोषितांना लाभ झाला. पण एकूण गटात गंभीर जंतुसंसर्ग ६.४ टक्क्यांवरून १४.१ टक्क्यांवर गेला. आपल्याकडे अजूनही आप्तमंडळी आग्रह धरतात, "डॉक्टर, अशक्तपणा फार आहे, एखादी ताकदीची बाटली लावा ना." पेज, ताक, वरणाचे पाणी गिळू शकणाऱ्या रुग्णाला ती बाटली लावणे म्हणजे खर्च आणि धोका दोन्ही विकत घेणे होय. माशाचे तेल घातल्याने हा नियम बदलत नाही.

कॅप्सूल घेणाऱ्यांसाठीही एक वाक्य. हृदयशस्त्रक्रियेच्या १५१६ रुग्णांना तोंडाने माशाचे तेल देऊन केलेल्या २०१२च्या मोठ्या चाचणीत नंतरच्या हृदयतालाच्या बिघाडात काहीही फरक पडला नाही. दिलासा एवढाच की रक्तस्रावही वाढला नाही.

जेथे या तेलाने खरोखर चित्र पालटले ते क्षेत्र प्रौढांचे नाही. आतडे अत्यंत आखूड असलेल्या अर्भकांना महिनोन्महिने सोयाबीन इमल्शन दिल्यावर यकृत निकामी होत असे. कावीळ वाढत जाई आणि पुष्कळदा यकृत-प्रत्यारोपण किंवा मृत्यू एवढेच पर्याय उरत. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील शल्यविशारद मार्क पुडर आणि औषधतज्ज्ञ कॅथलीन गुरा यांनी अशा अर्भकांना सोयाबीन बंद करून केवळ माशाचे तेल दिले. पहिल्या दोन बालकांची कावीळ ओसरल्याचे त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. सोयाबीनमधील वनस्पतिजन्य स्टेरॉल पित्ताचा प्रवाह अडवतात आणि माशाच्या तेलात ते जवळजवळ नसतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण. टीकाकारांनी विचारले की सोयाबीन दररोज किलोमागे ३ ग्रॅमपर्यंत दिले जात होते आणि माशाचे तेल अवघे १ ग्रॅम. मग गुण तेलाचा की मात्रा कमी केल्याचा? प्रश्न रास्त आहे. तरीही २०१८ साली अमेरिकी प्रशासनाने या उपयोगासाठी त्याला मान्यता दिली.

तरुण सहकाऱ्यांसाठी हिशेबाचे थोडे. ६० किलोच्या रुग्णाला रोज ६ ते १२ ग्रॅम माशाचे तेल हवे. २० टक्के मिश्र इमल्शनच्या १०० मिलिलिटरमध्ये ते ३ ग्रॅम असते, म्हणजे २०० ते ४०० मिलिलिटर पुरते. वरच्या मात्रेला एकूण स्निग्ध ८० ग्रॅम होते आणि किलोमागे १.५ ग्रॅमच्या मर्यादेत राहते. घाई करू नये. ताशी किलोमागे ०.१ ग्रॅमच्या आसपासच राहावे. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर जाऊ लागले तर हात आखडता घ्यावा. फार दिवसांच्या उपाशी रुग्णात थायमिन आधी द्यावे, फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासत राहावे, आणि कॅलरी हळूहळू वाढवाव्यात. मासे, अंडी किंवा सोयाबीनची ॲलर्जी विचारल्याशिवाय बाटली लावू नये. इमल्शनच्या पिशवीत मनाने कॅल्शियम मिसळू नये. तेलाचे कण एकत्र येतात. पृष्ठभागावर पिवळट तेल सुटलेले दिसले तर पिशवी टाकून द्यावी, किंमत कितीही असो.

आता त्या माळकरी गृहस्थांकडे वळू. मुलाला मी बाजूला बसवून सारे सांगितले. माशाचे तेल वगळता येईल, ऑलिव्ह आणि सोयाबीनचे इमल्शन उपलब्ध आहे, आणि त्याने उपचारात मोठी उणीव राहील असे मी म्हणू शकत नाही, हे सांगितले. पण त्याचबरोबर अंड्याच्या बलकाची गोष्टही सांगावी लागली. प्रचारातील अशा सर्व इमल्शनांत, मग तेल कोणतेही असो, ते असते. भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोपोफोलच्या पांढऱ्या द्रवातही असते. म्हणजे तो अंश त्यांच्या वडिलांच्या शरीरात पहिल्याच दिवशी गेला असणार. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरवी खूण पाहायची आपल्याला सवय झाली आहे. औषधाच्या बाटलीवर ती सहसा नसते. स्निग्ध अजिबात न देता काही दिवस निभावता येईल, आठवडे निभावता येणार नाही. घरच्यासारखी जवसाची चटणी शिरेतून देता येत नाही, आणि तोंडाने दिली तरी जवसातील ओमेगा-३चे ईपीएत रूपांतर थोडेच होते, डीएचएत तर अगदीच नगण्य.

मुलाने संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. निर्णय वडिलांनीच घेतला. ते पूर्ण शुद्धीत होते आणि त्यांना आधीच विचारता आले असते, हे मला तेव्हा अधिकच बोचले. मासा नको, बलकाचे चालवून घेऊ, असे त्यांनी सांगितले. आम्ही इमल्शन बदलले. जखमेची गळती सहाव्या आठवड्यात थांबली आणि ते भाताच्या पेजेवर आले. पहिल्या काही दिवसांच्या माशाच्या तेलाचा त्यात वाटा होता की नाही, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. तेव्हापासून शिरेवाटे पोषण सुरू करण्यापूर्वीच्या आमच्या संमतिपत्रात एक ओळ वाढली आहे, आणि ती मी परिचारिकेवर न सोपवता स्वतः वाचून दाखवतो.